खिचडीचा हक्क आहे, गोष्टीचा नाही: तीन ते सहा वयाच्या मुलांचे शिक्षण आणि कायदा

सकाळी साडेदहाच्या सुमारास एखाद्या अंगणवाडीत डोकावले, तर चटईवर वीस-पंचवीस मुले बसलेली दिसतात. त्यांतली दोन-तीन दाराकडे बघत मुसमुसत असतात, मदतनीस कोपऱ्यात खिचडीचे पातेले उतरवत असते आणि सेविका मुलांकडून बडबडगीत म्हणवून घेता घेता मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये हजेरी भरत असते. पातेल्यातली खिचडी आणि सेविकेच्या तोंडचे गीत या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत, एकाच मुलाच्या वाट्याला येतात. कायद्याच्या नजरेत मात्र त्यांचा दर्जा अगदी वेगळा आहे.

खिचडी हा त्या मुलाचा हक्क आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमानुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला स्थानिक अंगणवाडीमार्फत विनामूल्य आहार मिळालाच पाहिजे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा खाऊ आणि गरम शिजवलेले जेवण मिळून ५०० किलो कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, इतका बारीक हिशेब कायद्याच्या २०१३ मधल्या मूळ अनुसूचीत लिहिलेला होता. आहार मिळाला नाही तर त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही त्यातच आहे. बडबडगीत, गोष्ट, मणी ओवणे, रंग ओळखणे, थोडक्यात ज्याला आपण पूर्वप्राथमिक शिक्षण म्हणतो, त्याबाबत असा एकही कायदा नाही की ज्याच्या आधारे पालक अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभे राहून ‘हे माझ्या मुलाला मिळायला हवे’ असे म्हणू शकतील. लहान मुलांच्या शिक्षणासाठी राज्याने कायदा करावा, अशी मागणी अधूनमधून होते. तिचा अर्थ समजून घ्यायचा तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

तो कसा पडला, याची गोष्ट राज्यघटनेपासून सुरू होते. घटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात, घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत सर्व मुलांना ‘चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत’ मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे म्हटले होते. त्यात चौदा ही वरची मर्यादा होती, खालची मर्यादा नव्हती. म्हणजे तीन वर्षांचे मूलही त्या वाक्यात मावत होते. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयात जाऊन ते बजावून घेता येत नव्हते, हा भाग वेगळा. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि २१-अ हा नवा अनुच्छेद आला. शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, त्याचे स्वागतही झाले. पण तो हक्क ‘सहा ते चौदा’ या वयोगटापुरताच दिला गेला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ४५ वा अनुच्छेद नव्याने लिहिण्यात आला आणि बाल्यावस्थेतील संगोपन व शिक्षण देण्याचा राज्य ‘प्रयत्न करील’ एवढ्यावर तो थांबला. एकाच दुरुस्तीने मोठ्या भावंडाला हक्क मिळाला आणि धाकट्याच्या वाट्याला प्रयत्नाचे आश्वासन आले.

२००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो तो कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने हीच विभागणी पुढे चालवली. त्यात ‘बालक’ म्हणजे सहा ते चौदा वर्षांचे मूल, ‘प्राथमिक शिक्षण’ म्हणजे पहिली ते आठवी आणि ‘शाळा’ म्हणजे असे प्राथमिक शिक्षण देणारी मान्यताप्राप्त संस्था, अशा व्याख्या आहेत. कायदा वाचताना व्याख्यांचे कलम कंटाळवाणे म्हणून आपण ओलांडून जातो, पण पुढची बरीच भांडणे तिथेच ठरलेली असतात. आठव्या कलमात शासन शिक्षण ‘देईल’ असे बंधनकारक क्रियापद आहे. शिवाय ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थ शासनावरची सक्ती असा असल्याचे तिथेच स्पष्ट केले आहे. आईवडिलांना दंड ठोठावणारी जुन्या वळणाची सक्ती ती नव्हे. अकराव्या कलमात मात्र तीन वर्षांवरील मुलांना प्राथमिक शिक्षणासाठी तयार करण्याच्या हेतूने शासन मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची आवश्यक ती व्यवस्था ‘करू शकेल’ असे म्हटले आहे. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांच्यात फक्त एका शब्दाचे अंतर आहे. पण पहिल्यात नागरिकाला दाद मागता येते आणि दुसऱ्यात शासनाच्या मर्जीची वाट पाहावी लागते.

आता राज्याच्या हातात काय आहे ते पाहू. ४२ व्या घटनादुरुस्तीपूर्वी शिक्षण हा मुख्यतः राज्यसूचीतला विषय होता. १९७६ च्या त्या दुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. त्यामुळे संसद आणि विधिमंडळ या दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. दोन्हींत विसंगती आली तर सर्वसाधारणपणे संसदेचा कायदा वरचढ ठरतो. केंद्रीय कायद्याने दिलेले राज्याला काढून घेता येत नाही, पण त्याहून अधिक द्यायला कोणी अडवत नाही. अकराव्या कलमातल्या ‘करू शकेल’चे ‘करील’ करणारा स्वतःचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाला करता येईल.

इथे अधिनियम, नियम आणि शासन निर्णय यांतला फरक सांगणे भाग आहे, कारण वर्तमानपत्रांत या तिन्हींना सरसकट ‘कायदा’ म्हटले जाते. अधिनियम विधिमंडळात चर्चा होऊन मंजूर होतो आणि बदलायचा तर पुन्हा विधिमंडळातच जावे लागते. नियम हे त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात शासन करते. ते अधिनियमाच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाहीत. शासन निर्णय, म्हणजे जीआर, हा विभागाचा आदेश असतो आणि तो दुसऱ्या शासन निर्णयाने एका दुपारीत फिरवता येतो. महाराष्ट्रात पूर्वप्राथमिक शिक्षणाबाबत जे काही ठरते, त्यातले बहुतेक या तिसऱ्या पायरीवर ठरते.

नियम चौकटीबाहेर गेला की काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. आरटीईच्या १२ व्या कलमानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या असतात. ज्यांनी हा अर्ज भरला आहे त्यांना ती प्रक्रिया तोंडपाठ असेल: नकाशावर आपल्या घराची खूण करायची, एक आणि तीन किलोमीटरच्या आतल्या शाळा निवडायच्या, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला जोडायचा आणि सोडतीच्या दिवशी मोबाइलवरचा निरोप येण्याची वाट पाहायची. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे नऊ हजार शाळांतल्या एक लाखाच्या आसपास जागांसाठी त्याच्या दुपटीहून अधिक अर्ज येत असत. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याने नियमांत दुरुस्ती केली आणि एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खासगी विनाअनुदानित शाळेला या २५ टक्क्यांतून वगळले. कागदावर जागा एकदम कितीतरी पट वाढल्या, कारण जिथे मुळातच मोफत शिक्षण मिळते त्या शाळाही यादीत आल्या. अर्ज मात्र रोडावले. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाण्यासाठी सोडतीत उतरण्याची गरज नसते, हे पालकांना चांगले ठाऊक होते.

६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. अधिनियमाने जी सूट दिलेली नाही ती नियमाच्या वाटेने देता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. या सगळ्या धावपळीत त्या वर्षीचे प्रवेश पावसाळ्यात ढकलले गेले आणि अनेक मुलांची पहिलीची सुरुवात वर्ग भरून कित्येक आठवडे झाल्यावर झाली. मंत्रालयातल्या एका अधिसूचनेची किंमत सहा वर्षांच्या मुलाला मोजावी लागते ती अशी.

पूर्वप्राथमिक शिक्षण याच २५ टक्क्यांच्या कलमातून मागच्या दाराने आत आले आहे, हे फारसे बोलले जात नाही. कलमाच्या परंतुकात, म्हणजे ‘परंतु’ने जोडलेल्या अटीत, म्हटले आहे की, शाळा पूर्वप्राथमिक वर्ग चालवत असेल तर २५ टक्क्यांची अट त्या वर्गांच्या प्रवेशालाही लागू होईल. म्हणजे नर्सरी ज्या शाळेत सुरू होते तिथे आरक्षणही नर्सरीपासून. मग या मुलांचा खर्च कोणी द्यायचा? त्याच कलमाच्या पुढच्या भागात शासनाकडून मिळणाऱ्या प्रतिपूर्तीचे, म्हणजे खर्चाच्या परताव्याचे, सूत्र आहे, पण तिथे शब्द ‘प्राथमिक शिक्षण’ असा वापरला आहे आणि त्याची व्याख्या पहिली ते आठवी अशी आहे. मुलाला प्रवेश द्यायचा तीन वर्षांच्या वयात आणि पैसे मात्र पहिलीपासून, असा अर्थ निघाला की संस्थाचालक कुरकुर करणारच. पहिलीपासूनची जी रक्कम राज्य देते, म्हणजे अलीकडच्या वर्षांत प्रतिविद्यार्थी १७ हजार ६७०, तीही थकते ही त्यांची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही.

शाळेला न जोडलेल्या, सोसायटीच्या तळमजल्यावर किंवा भाड्याच्या सदनिकेत चालणाऱ्या बालवाड्या आणि नर्सऱ्यांची स्थिती आणखी विचित्र आहे. त्या पहिली ते आठवीचे शिक्षण देत नाहीत, म्हणून आरटीईच्या व्याख्येतली ‘शाळा’ त्या ठरत नाहीत. आणि ‘शाळा’ नाहीत म्हणून त्या कायद्यातली मान्यतेची अट, शिक्षकांच्या पात्रतेची अट, इमारतीचे निकष यांतले काहीच त्यांना लागू होत नाही. मुलाखतीबाबतही हाच घोळ आहे. तेराव्या कलमाने प्रवेशासाठी चाचणी किंवा मुलाखत घेण्यास मनाई केली आहे आणि पहिल्या वेळी २५ हजार, त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण ही मनाई ‘बालका’पुरती, म्हणजे सहा वर्षांपुढच्या मुलापुरती आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नर्सरी प्रवेशांच्या खटल्यात, २५ टक्के जागा सोडल्या तर हा कायदा सहा वर्षांखालच्या प्रवेशांना लागू होत नाही, असेच म्हटले होते. सहा वर्षांच्या मुलाची परीक्षा घेणे गुन्हा आणि तीन वर्षांच्या मुलाला ‘हा कोणता रंग?’ विचारून नापास करायला मोकळीक, असे हे तर्कशास्त्र आहे. २०२५ मध्ये राज्याने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना आपली माहिती पोर्टलवर नोंदवायला सांगितले. केंद्रे किती आणि कुठे आहेत हे कळण्यासाठी ते आवश्यकच आहे, पण नोंदणी म्हणजे नियमन नव्हे.

याच महाराष्ट्राला या क्षेत्रातला मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी इथे ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या सोबतीने ते काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथे प्रत्यक्षात उतरला. साधने आणली ती पाने, बिया, शंख-शिंपले अशी भोवतालची. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि आज राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. योजनेच्या सहा सेवांमध्ये अनौपचारिक शालापूर्व शिक्षण पहिल्या दिवसापासून आहे. मात्र ही योजना महिला व बाल विकास विभागाची, पहिलीचा वर्ग शालेय शिक्षण विभागाचा आणि खासगी नर्सरी कोणाचीच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला. अंगणवाडीची किंवा बालवाटिकेची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांचा सलग विचार करायला सांगितला. धोरण चांगले आहे. पण धोरण न पाळल्याबद्दल कोणाला न्यायालयात उभे करता येत नाही, आणि दोन विभागांच्या मधल्या भिंतीत दार पाडण्याचे काम शेवटी कायद्यानेच होते.

तेव्हा राज्याने खरोखर कायदा करायचे ठरवले, तर त्यात काय असावे? बाहेरचे एक उदाहरण उपयोगी आहे. अमेरिकेत शिक्षण मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत येते. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये किंडरगार्टनच्या प्रवेशासाठी वयाची तारीख काही महिने अलीकडे आणली, तेव्हा जी मुले थोडक्या दिवसांनी मागे राहणार होती त्यांच्यासाठी सार्वजनिक शाळांतच एक आधीचे वर्ष निर्माण केले. २०२१ च्या कायद्याने ते सर्व चार वर्षांच्या मुलांसाठी खुले करायचे ठरले, पण एका दमात नव्हे: दरवर्षी जन्मतारखेची मर्यादा काही महिन्यांनी सरकवत २०२५-२६ पर्यंत सगळ्यांना सामावून घ्यायचे, असा टप्प्यांचा तक्ताच कायद्यात घातला गेला. वर्गात आधी १२ मुलांमागे आणि शेवटी १० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, हेही लिहिले गेले. वर्ग देणे सरकारी शाळांवर बंधनकारक, मुलाला पाठवणे मात्र पालकांच्या इच्छेवर. तिथली श्रीमंती आपल्याकडे नाही हे उघड आहे. उचलण्यासारखी आहे ती रचना, कारण तारखा आणि प्रमाण कायद्यात आले की पुढच्या सरकारला ते गुपचूप लांबवता येत नाही. आपल्या २०१३ च्या राष्ट्रीय बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक प्रौढ असे प्रमाण आहेच. फक्त ते धोरणात आहे.

पैशाचा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा सक्तीच्या शिक्षणाच्या खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा, असे सुचवले होते. १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात सक्तीचे शिक्षण १९०६ पासून राज्यभर लागू होते आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात तेच पाऊल उचलले. बडोदा, कोल्हापूरला जे परवडले ते ब्रिटिश हिंदुस्थानला परवडत नव्हते, यावरून खजिन्यापेक्षा इच्छेची अडचण मोठी होती, असे म्हणायला जागा आहे.

आजच्या हिशेबात सर्वांत मोठा आकडा सेविकांचा असेल. त्यांना पगार नव्हे तर मानधन मिळते, आणि त्याच हातांनी वजन-उंचीच्या नोंदी, गरोदर मातांच्या भेटी, सर्वेक्षणे आणि मुलांचे शिक्षण हे सारे करायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात गुजरातच्या अंगणवाडी सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तिथे पोहोचताना न्यायालयाने अंगणवाडीत चालणाऱ्या शालापूर्व शिक्षणाची सांगड आरटीईच्या अकराव्या कलमाशी घातली, ही त्या निकालातली लक्ष वेधून घेणारी बाब आहे. म्हणजे ज्या कलमाने मुलाला अजून काही दिले नाही, त्याने निदान त्याच्या बाईंना थोडा आधार दिला. शालापूर्व शिक्षणाचा कायदा करताना सेविका ही शिक्षिका आहे की योजनेची मानसेवी कार्यकर्ती, याचे उत्तर द्यावेच लागेल. ते टाळून केलेला कायदा पोकळ असेल, कारण दिवसाचे दोन-तीन तास मुलांसमोर ती एकटीच असते.

वयाचा मुद्दा तुलनेने सोपा आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर रोजी सहा वर्षे पूर्ण ही राज्याची अट शासन निर्णयातून आलेली आहे; अधिनियमात आली की दरवर्षीचा संभ्रम संपेल.

या विषयावरचे विधेयक उद्या सभागृहात आले, तर ते वाचायला वकील असण्याची गरज नाही. विधिमंडळाच्या विधेयकाला शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ जोडलेले असते आणि राज्याच्या तिजोरीतून खर्च होणार असेल तर ‘वित्तीय ज्ञापन’ही. पहिल्यात सगळ्या चांगल्या गोष्टी असतात, त्यामुळे ते शेवटी वाचले तरी चालते. सुरुवात ज्ञापनापासून करावी: खर्च आवर्ती (दरवर्षीचा) किती आणि अनावर्ती (एकदाच होणारा) किती हे तिथे सांगितलेले आहे की नुसते ‘अंदाज करणे शक्य नाही’ असे म्हटले आहे, ते पाहावे. मग व्याख्यांकडे वळून बालकाचे वय तीनपासून धरले आहे का आणि तळमजल्यावरची नर्सरी त्यात येते का, हे तपासावे. आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक कलमातल्या क्रियापदाखाली रेघ ओढावी, ‘करील’ची वेगळी आणि ‘करू शकेल’ची वेगळी.